नुआलाची पेटी

आमच्या घरात साप येणार असं ठरलं, तेव्हा पहिली गच्छंती झाली ती जेवणाच्या टेबलाची. बाबांनी ते आडवं करून भिंतीला टेकवलं, खुर्च्या एकावर एक चढवल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्लायवूडच्या फळ्या आणून ठेवल्या. खरं तर पेटी मागच्या शेडमध्ये बनवायची होती. पण आयर्लंडमधल्या ओंगारच्या आमच्या घराची शेड अशी, की गवत कापायचं मशीन आणि दोन सायकली ठेवल्या की माणसाने पोट आत ओढूनच शिरावं. बाहेर अंगणात काम करावं तर पाऊस. त्यामुळे पेटी जेवणघरात बनली आणि आम्ही तेवढे दिवस जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून जेवलो. आमटीत भुसा पडायचा. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, तेव्हा कराडजवळच्या गावाहून उन्हाळाभर आमच्याकडे राहायला आली होती. ती वाटीतला भुसा बोटाने काढून बाबांना दाखवायची आणि म्हणायची, "सदा, डाक्टर झालास, आता सुतार झालास. ह्यात जेवन कुनी करायचं?" बाबा खाली मान घालून जेवायचे. आई काहीच बोलायची नाही, आणि आई बोलत नसली की घरातले बाकीचे सगळे हळू आवाजात बोलत.

साप म्हणजे नुआला. बोआ जातीची मादी, माझ्यापेक्षा हातभर लांब आणि मधोमध माझ्या पोटरीएवढी जाड. ती चार घरं सोडून राहणाऱ्या ईफाची होती. मी पुण्याहून आयर्लंडला आले तेव्हा माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं आणि वर्गातल्या मुलींचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. त्या वर्गात एकट्या ईफाने मला घरी बोलावलं, सरळ तिच्या खोलीत नेलं आणि काही न विचारता सात फुटी नुआला माझ्या खांद्यावर ठेवली. ती जड होती, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कोरडी. मी किंचाळले नाही, एवढ्यावरच आमची मैत्री पक्की झाली. घरी मी आईला सांगितलं की ईफाकडे एक 'पेट' आहे. आई कुत्रा समजली आणि मी तिला तसंच समजू दिलं. पुढची चार वर्षं माझी शाळेनंतरची प्रत्येक दुपार त्या खोलीत गेली. आम्ही दोघी पलंगावर पालथ्या पडून अभ्यास करायचो आणि नुआला आमच्या पोटऱ्यांवरून इकडून तिकडे सरकत असायची. या वयातही गुडघे दुखायला लागले की मला कधी कधी तेच वजन पायावर हवंसं वाटतं.

मग ईफाचे वडील डेक्लन यांना ऑस्ट्रेलियात काम मिळालं. ते प्लंबर होते आणि पर्थला प्लंबरला चांगले दिवस होते. सगळं कुटुंब जाणार होतं. पण त्या देशात बाहेरचा साप नेऊ देत नाहीत. दूर ॲथलोन गावी एक माणूस लोकांनी सोडून दिलेले साप सांभाळायचा. त्याच्याशी डेक्लन यांचं बोलणं झालं होतं. ईफाने मला हे सांगितलं तेव्हा मी तशीच उठून घरी आले आणि बाबांसमोर उभी राहून म्हटलं, "नुआला आपण ठेवायची." ईफा जाणार होती, ते माझ्या हातात नव्हतं. नुआला गेली असती तर मात्र त्या चार वर्षांतलं काहीच माझ्याकडे उरलं नसतं. चौदाव्या वर्षी हे असं नेमकं सांगता येत नाही. मी फक्त रडले आणि खूप रडले.

ईफाचा 'कुत्रा' म्हणजे साप हे आईला तेव्हा कळलं, आणि तिला तर सापाचं चित्रही बघवत नसे. कोथरूडच्या घरी तिच्या लहानपणी मोरीच्या जाळीतून एकदा धामण वर आली होती. तेव्हापासून ती अंघोळीला जाताना आधी जाळीकडे बघायची, आणि आयर्लंडला, जिथे रानात सापच नाहीत, तिथेही बघायची. तिने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी, माझ्या रडण्याला कंटाळून म्हणा किंवा बाबांनी तिला काही समजावलं म्हणून म्हणा, तिने अट घातली. "आधी पेटी, मग साप. पेटी पूर्ण तयार करून, कुलूप लावून मला दाखवा. तसं झालं नाही तर तो प्राणी या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि हे मी एकदाच सांगतेय." ती सॉफ्टवेअरमध्ये होती, मुदत म्हणजे मुदत. ईफाचं घर भाड्याचं होतं आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी संध्याकाळी त्यांना किल्ल्या परत करायच्या होत्या. तीच आमचीही मुदत.

बाबा पेटी करायला लागले ते मात्र मनापासून. ते इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होते, पण शिक्षण मिरजेचं, आणि बाँडचं वर्ष त्यांनी एका ग्रामीण रुग्णालयात काढलं होतं. पावसाळ्यात तिथे रोज कोणी ना कोणी बैलगाडीतून नाहीतर मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलेलं असे. मण्यार, घोणस, फुरसं. त्यांच्या लेखी साप म्हणजे कोणाच्या तरी पायावरच्या दोन खुणा आणि घड्याळ. नुआला विषारी नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, पण कळणं वेगळं. त्यांनी पेटीचा कागदावर नकाशा काढला तो सगळा एकाच प्रश्नावर बेतलेला होता: ही बाहेर कुठून येईल? दुकानातून फळ्या सरळ कापून आणल्या, त्या नेहमीपेक्षा जाड. पुढे सरकत्या काचा, शोकेसला असतात तशा. काचांना एक कुलूप पुरलं असतं, त्यांनी दोन लावली. कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकॉन भरलं. छताला आत उष्णतेचा बल्ब, त्याभोवती जाळी, कारण साप उबेला जाऊन थेट बल्बलाच विळखा घालतात आणि भाजून घेतात. हे मी त्यांना सांगितलं. भाजलेला साप ही कल्पना त्यांना कधी शिवलीच नसावी. त्यांनी जाळी बल्बपासून आणखी एक बोट लांब सरकवली.

रविवारी संध्याकाळी पेटी उभी राहिली. फळ्यांना आधीच लावलेल्या वॉर्निशचा वास आदल्या आठवड्यातच विरला होता. सहा फूट लांब, तीन फूट उंच, आजी म्हणाली तशी "दुभत्या म्हशीला बी पुरंल" एवढी. बाबा हात पुसत मागे सरकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी सहसा न पाहिलेलं समाधान होतं. मी पेटीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. "बाबा," मी म्हटलं, "हवा कुठून येणार?"

ते बघत राहिले. मागची फळी, बाजूच्या फळ्या, छत, सगळं सलग. एक छिद्र नव्हतं, वायर आत जायलाही नाही. सापाने बाहेर येऊ नये याची एवढी काळजी घेतली होती की आतल्या प्राण्याने श्वास घ्यायचा असतो हे राहूनच गेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "वा!" बाबांनी कपाळ चोळलं. "उद्या सकाळी भोकं पाडू. अर्ध्या तासाचं काम आहे."

उद्या सकाळी नागपंचमी होती. हे आजी सोडून घरात कोणाच्या लक्षात नव्हतं. तिने गावाहून आणलेलं कॅलेंडर पलंगाशेजारी टांगलं होतं आणि इथे आल्यापासून रोज त्याच्याकडे बघून मगच ती चहा घ्यायची. मी सकाळी खाली आले तेव्हा पोळपाटावर गंधाने नाग काढलेला होता, पुढे लाह्या, दूर्वांच्या जागी अंगणातलं गवत. आजीने आदल्या रात्रीच भाज्या चिरून ठेवल्या होत्या आणि गॅसवर दिंडं उकडत होती. घरभर पुरणाचा वास, आणि त्याखाली अजून थोडा ताज्या लाकडाचा. आईने पनीरचं पाकीट कापायला कात्री घेतली तर आजीने ती हातातून काढून घेतली. "आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा चढवायचा न्हाई. म्हाईत न्हाई का तुला?" आईने पाकीट दातांनी फोडलं.

आणि तेवढ्यात बाबांनी ड्रिल सुरू केलं.

"सदा," आजी म्हणाली, "ठेव ते खाली."

"आई, कापत नाहीये. नुसती भोकं पाडायची आहेत."

"नांगर तरी काय करतो? भोकच पाडतो की जमिनीत. आज शेतकरी नांगर धरत न्हाई, कशापायी? खाली त्याची पोरं असत्यात, फाळ लागंल म्हून." तिने पेटीकडे हात केला. "जिच्यासाठी घर बांधतुयास, तिच्याच सनाला तिच्या घराला पातं लावतोस व्हय?"

माझे बाबा हॉस्पिटलात भल्याभल्यांशी वाद घालत. देवाला हात जोडायला सांगितले तर घड्याळ बघत. पण त्यांनी ड्रिलची वायर काढली, ती व्यवस्थित गुंडाळली आणि ड्रिल जिन्याखाली ठेवून दिलं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. "तुम्हाला पटतं का हे?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "पण ती माझी आई आहे, आणि वर्षातनं एक दिवस मागतेय." आज मला हे उत्तर आवडतं. त्या दिवशी मला पेटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटत होती.

मग मला तोड सुचली. ईफाच्या घरी कुठे पंचमी होती? डेक्लन प्लंबर, त्यांच्याकडे पाइपासाठी गोल भोकं पाडायची पाती असणारच. मागची फळी काढून तिकडे न्यायची. आजीला विचारलं. तिने बराच विचार केला आणि निर्णय दिला, "स्क्रू पिरगळायला हरकत न्हाई. पुढचं त्येंचं त्ये बघतील." तेव्हा बाबा आणि मी फळी सोडवली आणि ओल्या रस्त्यावरून, चार घरांपलीकडे, दोघं दोन टोकं धरून घेऊन गेलो.

डेक्लन व्हॅनमधून सामान काढत होते. हत्यारं भावाला देऊन जायची होती. "ग्रँड," ते म्हणाले. इकडे 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात. "दोन मिनिटांचं काम." त्यांनी फळी दोन खोक्यांवर आडवी ठेवली, गोल पातं लावलं आणि सहज विचारलं, "डॉक्टर, तुमचं ड्रिल बिघडलं का?" बाबांनी काहीतरी थातुरमातुर सांगितलं असतं. पण मी मध्येच तोंड घातलं आणि खरं ते सांगून टाकलं: आज आमच्याकडे सापांचा सण असतो, आज काही कापलं तर सापाला इजा होते असं मानतात, म्हणून आजी कापू देत नाही.

डेक्लन यांनी ड्रिल हळूच खोक्यावर ठेवलं. "हे बघ, लव्ह," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. त्यांच्या आजोबांच्या शेताच्या ऐन मध्यात एक काटेरी झाड होतं, पऱ्यांचं म्हणून, अरिष्टाच्या भीतीने कोणी हात न लावलेलं. आजोबांनी जन्मभर नांगर त्याला वळसा घालून नेला. "मी असलं काही मानत नाही. पण ते झाड मी कापलं नसतं. आणि उद्या मी बायकोपोरांना घेऊन विमानात बसणार आहे. आज नको. सॉरी."

आम्ही फळी जशी नेली तशी परत आणली. बाबांना वाटेत हसू फुटलं आणि ते थांबेचना. फळी हलायला लागली. घरी आजीने हकिगत ऐकली आणि म्हणाली, "शहाना मानूस हाय." आई हसली नाही. ती पेटीकडे बघत होती. मागची बाजू उघडी, आतून आमची जमिनीवरची वर्तमानपत्रं दिसत होती.

"मग त्या सापवाल्याला कळवायला हवं ॲथलोनला," ती म्हणाली. "पाचच्या आत. नाहीतर तो निघणार कधी आणि येणार कधी." मी तिच्याकडे बघितलं. ती जिंकली होती, पण तिला त्यात काही मजा येत असेल असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. "मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "त्या मुलीला तुम्ही दोघं काय सांगणार आहात?" तिने रेनकोट घातला. मी मागोमाग गेले. मुद्दाम चार पावलं अंतर ठेवून.

ईफाचं दार उघडंच होतं. आत काही नव्हतं. पडदेसुद्धा काढलेले, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. हीटिंग सकाळीच बंद केलं होतं आणि त्या रिकाम्या खोलीत ऑगस्टमध्येही अंगावर काटा येत होता. ईफा जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, हिवाळ्याचा जाड कोट घालून, आणि कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. कोट पुढून फुगला होता. मग कॉलरपाशी नुआलाचं डोकं बाहेर आलं, जीभ एकदा हलली आणि पुन्हा आत गेलं.

"हाय, वर्षा," ईफा आईला म्हणाली. इकडची मुलं मोठ्यांना नावानेच हाक मारतात. "बाबांनी सांगितलं मला. इट्स ग्रँड. खरंच. बाबा त्या माणसाला फोन करतायत. हिला फक्त थंडी वाजतेय, म्हणून आत घेतलंय." ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं, एवढं मला तिच्या नाकावरून कळलं.

आई दारातच उभी होती. तिने दाराची चौकट धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आता ती मागे फिरेल. तिने विचारलं, अगदी ऑफिसच्या फोनवर विचारते तशा आवाजात, "हिला किती टेंपरेचर लागतं?"

"तीसच्या आसपास," ईफा म्हणाली.

"आमच्या हॉट प्रेसमध्ये तेवढं असतं," आई म्हणाली.

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इकडच्या घरांत जिन्याच्या वर असतं आणि लोक त्यात टॉवेल ठेवतात. आमची आई त्यात दही लावायची आणि इडलीचं पीठ फुगवायची. घरातली ती तिची स्वतःची जागा होती. मला साधा रुमालही तिथे ठेवायची परवानगी नव्हती.

ईफाने कोट उघडला. नुआलाला तिने पदरापदराने काढावं तसं सावकाश स्वतःभोवतून सोडवलं आणि प्लास्टिकच्या टबात ठेवलं. हा तिचा प्रवासाचा टब होता, झाकणाला भोकं असलेला. तिने चारी कड्या लावल्या. मी पुढे झाले, हात केले. ईफा माझ्या शेजारून गेली आणि टब आईपुढे धरला. आईने तो घेतला. अंगापासून जितका लांब धरता येईल तितका लांब धरला. "थँक्यू," ईफा म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. आई दोन्ही हातांत टब धरलेली, तिला ईफाला जवळ घेता येईना. ती फक्त पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मराठीतच, "असू दे गं. असू दे. आहे मी."

घरापर्यंतच्या वाटेवर मी दोनदा म्हटलं, "दे माझ्याकडे." ती म्हणाली, "पाय बघून चाल." जिना चढून तिने पिठाचं पातेलं बाहेर काढलं आणि त्या जागी टब ठेवला. आजी हळदकुंकू घेऊन वर आली, झाकणावर चिमूटभर वाहिलं आणि दुधाची वाटी पुढे केली. "दूध नको, आई," माझी आई म्हणाली. "ती पीत नाही." आजीने एकदा सुनेकडे, एकदा टबाकडे बघितलं आणि दूध मला प्यायला लावलं. संध्याकाळी टॅक्सी आमच्या दारावरून गेली तेव्हा मी खिडकीत होते. ईफाने काच खाली करून हात हलवला. त्या रात्री इडलीचं पीठ फुगलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवर गेले होते, म्हणून सगळी भोकं आईने पाडली, गॉगल लावून, ओळीत, एकही वाकडं नाही.

बोआ पुष्कळ जगते. मी मेनूथला शिकायला गेले, तिथून नोकरीला कॉर्कला गेले, लग्न केलं, आणि नुआला ओंगारलाच राहिली. सुट्टीला आले की दोन दिवस तिला खांद्यावर घ्यायचे आणि निघून जायचे. घरात अंडंही न आणणारी माझी आई फ्रीझरच्या खालच्या खणातून उंदीर काढून कोमट पाण्यात सोडायची, मग चिमट्याने धरून, तोंड दुसरीकडे करून पेटीत न्यायची. तिने तिला हात मात्र कधी लावला नाही. फोनवर "काय चाललंय?" विचारलं की बाबांच्या तब्येतीआधी ती सांगायची, नुआलाने कात टाकली, अख्खी निघाली, डोळ्यांवरचीसुद्धा.

मी चाळिशीला टेकले होते तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला. नुआला गेली. आई शांतपणे सगळं सांगत होती, केव्हा लक्षात आलं, कशी पडली होती. मग म्हणाली, ईफाला कळवलंय, खूप वेळ बोललो आम्ही. मला ते लागलं. मी म्हटलं, "मला आधी नाही का सांगायचंस?"

"तिला आधी," आई म्हणाली. "त्या पोरीने ती माझ्या हातात दिली होती, रेणू. तुझ्या नाही." आणि मग, "तू येशील ना शनिवारी? पेटीतला बल्ब अजून चालूच आहे. तो तू बंद कर. माझ्याच्याने नाही होणार."